मेंढरं, घोडी आणि कुत्रं : एकाच अंगणातली तिघं



आपल्या माणदेशात, आणि शेजारच्या खटाव, फलटण, आटपाडी, सांगोला, जत ह्या भागांतही, एका तऱ्हेचा संसार गावोगावी दिसतो. दोन-तीन एकर कोरडवाहू रान, तीस-चाळीस मेंढरं, ओझ्याला एक घोडी आणि राखणीला एखाददुसरं कुत्रं. कुणाच्या दारात घोडी नसेल, कुणाची मेंढरं शंभर असतील, पण मांडणी हीच. आज आम्ही ह्या तिघांबद्दल एकत्र बोलणार आहोत, कारण एरवी त्यांच्याबद्दल कुणी एकत्र बोलत नाही. शेळी-मेंढीपालनाचं प्रशिक्षण असतं, त्यात घोडीचं नाव निघत नाही. कुत्र्याचं तर कुठंच निघत नाही. आपल्या अंगणात मात्र तिघं एकमेकांच्या पायात वावरतात आणि तिघांचं दाणापाणी बहुतेक घरांत एकाच बाईच्या हातून होतं. एकाचा खुराक दुसऱ्याच्या तोंडी लागतो. एकाच्या पोटातला जंत दुसऱ्याच्या अंगात वाढतो आणि तिथून आपल्या लेकरांपर्यंत येतो. ह्या शेवटच्या गोष्टीवर आम्ही जरा जास्त वेळ थांबणार आहोत.

देवघरातल्या खंडोबाच्या तसबिरीकडं बघा. देव घोड्यावर बसलेला, घोड्याच्या पायाशी कुत्रं. आणि त्याची बाणाई ही धनगराची लेक, तिच्यासाठी देवानं मेंढरं राखली अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. आषाढीच्या वारीत काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढरांचं रिंगण होतं, तेही तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. म्हणजे ही तिघं आपल्याकडं काल-परवा आलेली नाहीत.

वर्षाचे आपले दोन भाग. पावसाळा घरी, आणि दिवाळी झाली की वाडा निघतो. कुणी घाट उतरून कोकणात, भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवायला जातं, कुणी नीरा-भीमेकाठच्या बागायती गावांकडं. पावसाची चाहूल लागली की परत. अलीकडं मुलांच्या शाळेपायी बरीच घरं वर्षभर गावातच राहू लागली आहेत. दोन्हीकडं बाईचं काम सारखंच. वाटेवर असताना पुरुषमाणसं मेंढरं घेऊन पुढं होतात. मागं बिऱ्हाड मोडायचं, घोडीवर लादायचं, पुढच्या मुक्कामाला नेऊन उतरवायचं, वाघर लावायची आणि चूल पेटवायची, हे सगळं बाईनं. तिथं घोडीला काही झालं तर सगळा वाडा अडून बसतो.

घोडीपासूनच सुरुवात करू. लोक तिला तट्टू म्हणून हिणवतात. पण भीमेच्या खोऱ्यातलं हे बुटकं, काटक जनावर ‘भीमथडी’ ह्या नावानं मराठ्यांच्या फौजेत नावाजलेलं होतं. ते टिकलं कुणामुळं, तर मुख्यतः मेंढरांमागं फिरणाऱ्या आपल्या लोकांमुळं. आता सरकारदरबारीही भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. तिचं बळ उंचीत नाही, चालण्यात आहे. तरी बळाला मर्यादा असते. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारनं केलेल्या नियमांत तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त ओझं लादू नये असं आहे. भांडी, वाघर, पीठ-मीठ, वर दोन कोकरं आणि त्यावर एक लेकरू बसवलं की ७० किलो कधी ओलांडले ते कळतही नाही. गाभण घोडीला शेवटचे तीन महिने तर हलकंच ओझं द्यावं. तिचे दिवस अकरा महिन्यांचे असतात, मेंढीचे पाचच, त्यामुळं तिचा हिशेब विसरायला होतो. भिंतीवर कोळशानं खूण करून ठेवा. खोगिराखाली जुन्या घोंगडीची सरळ, सुरकुती नसलेली घडी घाला. पाठ एकदा सोलली की पंधरा दिवस घोडी घरी आणि ओझं आपल्या डोक्यावर.

पिकअप आल्यावर घोडी कशाला, असं गटाच्या बैठकीत हमखास विचारलं जातं. हिशेब मांडून बघा. दोन-अडीचशे किलो वजनाची घोडी दिवसाला पाच-सहा किलो सुका चारा खाते, म्हणजे वर्षाला जवळजवळ दोन टन. तेवढ्यात चार-पाच मेंढ्या जगतात. उलट बाजूला, डोंगराच्या वाटेनं पिकअप जात नाही, डिझेल चालून येत नाही आणि पिकअपला शिंगरू होत नाही. जी घरं अजून वाटेवर आहेत त्यांना घोडी पाहिजेच, असं आमचं मत आहे. जी वर्षभर गावात असतात आणि ज्यांच्या दारात ती केवळ मानासाठी बांधलेली आहे, उन्हाळ्यात तिला पोटभर मिळत नाही, तिथं ती ज्याला उपयोगाची आहे अशा घरी दिलेली बरी. हे बोललं की घरातली म्हातारी माणसं रागावतात, पण उपाशी घोडी बांधून ठेवण्यात कसला मान.

आता खाण्याचं बघू. इथंच सगळा घोळ होतो. मेंढी रवंथ करते. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथं नुसती कडक हिरडी. ती भराभर ओरबाडून खाते आणि मग निवांत बसून पुन्हा चावते. घोडीला वर-खाली दोन्ही दात असतात, पोट एकच आणि तेही अंगाच्या मानानं लहान. ती रवंथ करत नाही, आणि मुख्य म्हणजे तिला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढंच सरकावं लागतं. म्हणून घोडीला थोडं थोडं, दिवसभर खायला पाहिजे. सकाळी एक पेंढी टाकून संध्याकाळी पोत्यानं भरडा दिला की पोटशूळ उठलाच म्हणून समजा. घोडी पायानं जमीन उकरते, वळून वळून कुशीकडं बघते, लोळते, लीद टाकत नाही. असं दिसलं की समोरचं खाणं काढून घ्या, लोळत असेल तर हळूहळू फिरवा आणि डॉक्टरला बोलवा. नळ्यानं किंवा नाकातून तेल पाजायची जुनी रीत आहे, ती करू नका. तेल श्वासनळीत उतरलं तर पोटाच्या दुखण्यातून वाचलेली घोडी फुफ्फुसाच्या दुखण्यानं जाते.

मेंढीचंही पोट दाण्यानं बिघडतं, पण वेगळ्या कारणानं. ज्वारी-बाजरी काढल्यावर रानात कणसं पडलेली असतात, किंवा लग्नातला उरलेला भात कुणी आणून ओततं. मेंढरं त्यावर तुटून पडतात. एकदम एवढा दाणा पोटात गेला की आत आंबतो, मेंढी खाली बसते, रवंथ बंद होतो, जुलाब लागतात. दाण्याची सवय आठ-दहा दिवसांत चिमटी-चिमटीनं वाढवत करावी लागते. दुसरी गोष्ट ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांची. पाण्याचा ताण बसलेली ज्वारी, किंवा काढणीनंतर बुडख्याला आलेली हिरवी फूट खाल्ली की किराळ लागते. त्या फुटीत विष तयार झालेलं असतं आणि मेंढी तासाभराच्या आत, कधी काही मिनिटांत, हातची जाते. ह्यावर डॉक्टरकडं इंजेक्शन असतं, पण ते पोचेपर्यंत वेळ मिळत नाही. तेव्हा त्या रानाकडं कळप वळवायचाच नाही.

एकाचं खाणं दुसऱ्याला घालण्याचे दोन धोके नीट लक्षात ठेवा. पहिला, कोंबडीचं खाद्य. स्वस्त मिळतं, कुणाच्या तरी पोल्ट्रीवरून उरलेलं पोतं येतं. कोंबड्यांना रोग होऊ नये म्हणून त्यात बहुधा मोनेन्सिनसारखं औषध मिसळलेलं असतं. गाईम्हशींच्या काही तयार खाद्यांतही ते असतं. घोडीच्या हृदयाला हे औषध अगदी थोड्या मात्रेतही मारक आहे. घोडीला ते खाद्य द्यायचं नाही, आणि ज्या पाटीत कोंबड्यांचं कालवलं त्या पाटीतही तिचं कालवायचं नाही. दुसरा धोका मेंढीला. गाईसाठी दुकानात जी खनिज मिश्रणाची पुडी मिळते, तिच्यात तांबं असतं. गाईला ते लागतं, घोडीला सोसतं, मेंढीला सोसत नाही. तिच्या यकृतात ते साठत जातं. महिनोन्महिने वरून काही दिसत नाही आणि मग एखाद्या दिवशी मेंढी पिवळी पडते, तांबडी लघवी करते आणि दोन-तीन दिवसांत मरते. लोक म्हणतात काहीतरी चावलं. दुकानदाराकडं मेंढीचं म्हणून वेगळं मिश्रण मागा, आणि नसेल तर नुसतं मीठ ठेवा, पण गाईचं देऊ नका.

एका बाबतीत मात्र दोघींची जोडी फायद्याची आहे. मेंढीच्या पोटातले बहुतेक जंत घोडीच्या पोटात जगत नाहीत, आणि घोडीचे मेंढीत जगत नाहीत. म्हणून ज्या बांधावर मेंढरं चरली तिथं पुढं काही आठवडे घोडी बांधली, तर गवतावर चढलेली जंतांची पिल्लं तिच्या पोटात जाऊन मरतात. रान आपोआप थोडं निवळतं. आपल्याकडं रान मुळात कमी, म्हणून ही अदलाबदल करून बघण्यासारखी आहे.

पहाटे झाडलोट करायच्या आधी जनावरांकडं बघायचं, ही आमच्या सासवांची शिस्त. झाडून टाकलं की रात्रीची खूण पुसली जाते, हे त्याचं कारण. घोडीची लीद गोळ्या-गोळ्यांची पडली आहे का, रात्रीत पडलीच नाही का. मेंढीची लेंडी सुटी आहे की चिकटलेली. कुणाच्या शेपटीखाली घाण लागली आहे. वाघर उघडली की कोण मागं राहतं, कोण डोकं खाली घालून उभं राहतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते दवाखान्यातल्या डॉक्टरला करता येत नाही, कारण त्याला कालची मेंढी माहीत नसते.

ह्यात एक गोष्ट आणखी जोडा. पंधरा दिवसांतून एकदा, पावसाळ्यात आठ दिवसांनी, प्रत्येक मेंढीची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढून आतला रंग बघा. लालसर गुलाबी असेल तर बरं. फिका गुलाबी असेल तर लक्ष ठेवा. पांढुरका असेल तर तिच्या पोटात रक्त पिणारे जंत झाले आहेत. अशा मेंढीच्या जबड्याखाली पाणी साठून पिशवीसारखी सूजही येते. सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजायची गरज नसते. उलट तसं केलं की जंतांना त्या औषधाची सवय होते आणि पुढं ते लागूच पडत नाही. पापणी पांढरी आहे तिलाच पाजा, आणि वजनाच्या मानानं पुरतं पाजा. अर्धं पाजून अर्धं दुसरीला, ही काटकसर महागात पडते. पापणी बघायला शिकायला एक सकाळ पुरते.

लसीचं थोडक्यात. वळीव पडून नवं लुसलुशीत गवत उगवलं की चांगली धडधाकट मेंढरं आणि कोकरं एकाएकी उड्या मारून मरतात, तो आंत्रविषार. त्याची लस पावसाच्या आधी, मे महिन्यात घ्यायची, आणि पहिल्यांदाच देत असाल तर दोन आठवड्यांनी पुन्हा. पीपीआर म्हणजे तोंड येणं, नाक गळणं, जुलाब असा जो रोग कळपच्या कळप नेतो, त्याची लस एकदा टोचली की साधारण तीन वर्षं पुरते. घोडीला पायात खिळा घुसला की धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी. सगळ्या पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडतो. म्हणून संध्याकाळी तिचे चारी खूर उचलून आत बघायचे, खडा-काटा काढायचा. पावसाळ्यात मेंढ्यांचे खूर कुजतात, त्याला झिंक सल्फेटचं पाणी चांगलं. दहा लिटर पाण्यात एक किलो, उथळ टाक्यात ओतून त्यातून मेंढरं चालवायची. मोरचूदही चालतं, पण मोरचूद म्हणजे तांबंच. मेंढरांनी तोंड लावता कामा नये. झिंक मिळत असेल तर तेच वापरा.

कोकरांचं काम तर सगळं बाईचंच. मेंढरं चरायला गेली की कोकरं मागं आपल्याकडं. जन्मल्या-जन्मल्या नाळेला आयोडीन लावायचं आणि पहिल्या तास-दोन तासांत चीक पाजायचा. माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच रोगाशी लढायची थोडी शक्ती मिळते. कोकराला आणि शिंगराला ती पोटात मिळत नाही, फक्त चिकातून मिळते, आणि एक दिवस उलटला की त्यांचं आतडं ती शोषून घ्यायचं बंद करतं. म्हणून तीन किलोच्या कोकराच्या पोटात पहिल्या दिवसात निदान ३०० मिली चीक गेलाच पाहिजे. पहिला चीक फेकून द्यायची पद्धत कुठं कुठं आहे, ती सोडा. मेंढी कोकराला वासानं ओळखते. आई मेलेलं कोकरू दुसरीला लावायचं तर तिच्याच वारेचं पाणी त्याच्या अंगाला चोळावं लागतं. तिचं स्वतःचं कोकरू मेलं असेल तर त्याचं कातडं ह्याच्या पाठीवर दोन-तीन दिवस बांधतात. जुन्या बायकांना हे सगळं ठाऊक आहे, त्यांना विचारा.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं काढलेल्या ‘नारी सुवर्णा’ मेंढीबद्दलही आम्हाला विचारतात. सुंदरबनातल्या गरोल नावाच्या बुटक्या मेंढीत जुळी कोकरं होण्याचा जो गुण असतो, तो संकरातून आपल्या दख्खनी मेंढीत आणला आहे. ही मेंढी पुष्कळदा जुळी देते. पण दोन कोकरांना दूध लागतं, आणि दूध चाऱ्यातून येतं. घरी राहणाऱ्या, विहिरीला पाणी असलेल्या घराला ती चांगली. रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या कळपात एकच धडधाकट कोकरू बरं.

आता कुत्रं. राखणीचं कुत्रं घडवायचं तर डोळे उघडल्यापासूनच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते पिल्लू मेंढरांतच वाढलं पाहिजे. मग ते मेंढरांना आपली माणसं समजतं. मोठं झाल्यावर आणलेलं कुत्रं भुंकेल, पण लांडग्यासमोर उभं राहीलच असं नाही. लांडगा गळा धरतो, म्हणून खिळ्यांचा पट्टा घालतात. कुत्रं रात्रभर जागतं आणि दिवसा झोपतं, त्याला आळशी म्हणू नका. नुसत्या शिळ्या भाकरीवर ते राखण करू शकत नाही. थोडं दूध, ताक, अंडं काहीतरी मिळालं पाहिजे. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि मग दरवर्षी. कुणालाही कुत्रं चावलं, घरचं असलं तरी, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही.

लांडग्यानं किंवा बिबट्यानं मेंढरू मारलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते. पण ४८ तासांच्या आत कळवावं लागतं, आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नसतं. बाई घरी एकटी असते, वास येईल म्हणून ओढून टाकते आणि भरपाई जाते. फोटो काढा, झाकून ठेवा, राखणीला बसा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही आजचा विषय घेतला.

जत्रेत, नवसाला किंवा घरच्या कार्याला मेंढरू कापलं जातं. कापणारा यकृत-फुफ्फुस हातात घेतो. त्यावर कधीकधी बोराएवढे, लिंबाएवढे पांढरट, पाणी भरलेले फोड असतात. तेवढा तुकडा तो कापतो आणि बाजूला बसलेल्या कुत्र्याकडं फेकतो. कुत्रं खूश, माणसं निर्धास्त, की वाईट भाग टाकून दिला. तो फोड म्हणजे एका फीतकृमीची पिल्लावळ असते. कुत्र्याच्या आतड्यात तिचे मोठे जंत होतात. मोठे म्हटलं तरी तांदळाच्या दाण्याहून लहान, म्हणून कुत्र्याच्या विष्ठेत ते आपल्याला दिसत नाहीत, आणि कुत्रं आजारीही दिसत नाही. जंतांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. अंगणात, गवतावर, बांधावरच्या मेथी-कोथिंबिरीवर, कुत्र्याच्या केसांवर. मेंढरू ते गवत खातं आणि त्याच्या यकृतात पुन्हा फोड धरतात. आणि आपलं लेकरू कुत्र्याच्या गळ्यात पडतं, तोच हात तोंडात घालतं.

माणसाच्या अंगात ही गाठ यकृतात किंवा फुफ्फुसात धरते आणि फार सावकाश वाढते. वर्षानुवर्षं काही कळत नाही. पाच-सात वर्षांच्या पोरीला धरलेली गाठ ती सासरी गेल्यावर पोटात दुखू लागलं म्हणून सोनोग्राफीत सापडू शकते. पुष्कळदा ऑपरेशन करावं लागतं. गाठ आत फुटली तर जिवावर बेततं. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात. लक्षात घ्या, हा रोग मटण खाल्ल्यानं होत नाही. आणि कुत्र्याला हाकलून देणं हाही उपाय नाही. साखळी फक्त एका ठिकाणी तोडायची आहे : कच्चं काळीज, फुफ्फुस, आतडी कुत्र्याच्या तोंडी जाऊ द्यायची नाहीत.

मेंढीचं डोकंही नाही. कळपात एखादी मेंढी मान वाकडी करून एकाच अंगाला गोल गोल फिरते, तिच्या मेंदूत असाच दुसऱ्या एका फीतकृमीचा फोड असू शकतो, आणि तोही कुत्र्यामार्फतच आलेला असतो. ती मेंढी मेली आणि डोकं कुत्र्यानं फोडलं, की पुढच्या वर्षीच्या गोल फिरणाऱ्या मेंढ्यांची सोय झाली.

कापाकापी पुरुषांच्या हातात असते, आपल्याला तिथं कोण विचारतं, असं बायका म्हणतात. खरं आहे. पण खड्डा आपण आदल्या दिवशी खणून ठेवू शकतो. कमरेएवढा खोल, वर चुना आणि दगड, म्हणजे कुत्रं उकरणार नाही. कुत्र्याला त्या वेळेपुरतं लांब बांधून ठेवणं आपल्या हातात आहे. फोड नसलेलं काळीज कुत्र्याला द्यायचंच असेल तर अर्धा तास चांगलं उकळून द्या. कळपातलं जनावर आपोआप मेलं तर तेही पुरायचंच, गावाबाहेर टाकलं की गावभरच्या कुत्र्यांना मेजवानी. आणि दर तीन महिन्यांनी कुत्र्याला प्राझिक्वान्टेलची गोळी. वजन सांगून डॉक्टरकडून घ्या, पिठाच्या गोळ्यात घालून द्या. त्यानंतर दोन-तीन दिवस कुत्रं बांधून ठेवून त्याची विष्ठा रोज पुरून टाकायची, कारण अंडी त्या गोळीनं मरत नाहीत. गटानं मिळून एकाच दिवशी वस्तीवरच्या सगळ्या कुत्र्यांना गोळी दिली तर जास्त उपयोग होतो. एका घरचं कुत्रं औषध घेतं आणि शेजारचं तसंच राहिलं, तर अंगण एकच आहे.

कागदाचं एक बोलून घेऊ. ह्या सगळ्या कामात बाई, आणि विम्याच्या, कर्जाच्या, अनुदानाच्या कागदावर मात्र पुरुष. धनगर समाजासाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे, तिच्यात २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद आहे. अर्जाच्या तारखा आणि अटी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, आणि अर्ज स्वतःच्या नावानं भरता येतो का हेही विचारा. निदान विमा काढताना कानातल्या बिल्ल्याचा नंबर तुमच्याजवळच्या वहीत असू द्या. मेंढरू मेल्यावर नंबर शोधत बसलं की पैसे बुडतात.

दिवाळीच्या पाडव्याला आपण मेंढरं ओवाळतो, रंगवतो, पळवतो. त्यानंतर थोड्या दिवसांत वाडा हलेल. निघायच्या आधीचा आठवडा मोकळा ठेवा. घोडीचे खूर आणि नाल बघून घ्या, पाठीवर जुना वण असेल तर खोगिराची घडी त्या जागी पोकळ करा. सगळ्यांच्या पापण्या बघा. आता जिला दोन महिने राहिले आहेत अशी मेंढी कोणती, ते ठरवून ठेवा, म्हणजे वाटेत कोकरांसाठी घोडीवर जागा राहील. सरकारी जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ हा फुकटचा नंबर आहे, तो मोबाईलमध्ये आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या तोंडात पाठ असू द्या. आणि कुत्र्याची गोळी घरी असतानाच द्या. वाटेवर रोज नवा मुक्काम, तिथं कुत्रं तीन दिवस एका जागी बांधून राहत नाही, आणि विष्ठा मागं दुसऱ्याच्या शेतात पडते.